११४ चा जोर १९० ला भारी कसा?

जालना एमआयडीसीत शिफ्ट सुटली, चहाच्या टपरीवर चार जण जमले आणि गाड्यांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो : "ती बॅटरीवरची छोटी गाडी, तिचा टॉर्क ११४. आपल्या डिझेल डिझायरचा १९०. मग चौकातून सुटताना ती पुढे कशी काय जाते?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर "इलेक्ट्रिकला पिकअप असतोच" एवढ्यावर सोडून देणं बरोबर नाही. पिकअप असतो, पण तो येतो कुठून? आणि कायम असतो का? हे समजून घ्यायला आपण खरोखरच्या दोन गाड्या घेऊ. पहिली टाटा टियागो ईव्ही, २४ किलोवॉट-तासांच्या मोठ्या बॅटरीची. ही सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आली. तिच्या मोटरची शक्ती ५५ किलोवॉट, म्हणजे सुमारे ७५ अश्वशक्ती, आणि टॉर्क ११४ न्यूटन-मीटर. दुसरी २०१७ च्या मॉडेलची मारुती डिझायर डिझेल. इंजिन १.३ लिटर, शक्ती ७५ अश्वशक्ती, टॉर्क १९० न्यूटन-मीटर. एप्रिल २०२० मध्ये बीएस-सिक्स नियम लागू झाले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, पण जालना–संभाजीनगर रस्त्यावर भाड्याच्या गाड्यांत ही डिझायर अजूनही दिसते.

दोन्ही गाड्यांची शक्ती सारखीच, ७५. म्हणून ही तुलना बरोबरीची आहे. एकीत मोठं इंजिन आणि दुसरीत लहान, असा प्रकार इथे नाही. तरीही दोघींचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

१. वेग वेगळा, वेगातली वाढ वेगळी

गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे, हा झाला वेग. उभ्या गाडीने ६० गाठायला किती वेळ घेतला, यावरून कळतं ते त्वरण, म्हणजे दर सेकंदाला वेग किती वाढला ते. चालवणारे ज्याला पिकअप म्हणतात तो हाच.

ताशी किलोमीटरच्या आकड्याला ३.६ ने भागलं की सेकंदाला किती मीटर ते मिळतं. ६० भागिले ३.६ म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. टियागो ईव्ही शून्यावरून ६० ला ५.७ सेकंदांत पोचते, असं कंपनी सांगते. १६.७ ला ५.७ ने भागा, उत्तर येतं २.९. म्हणजे दर सेकंदाला वेगात २.९ मीटर प्रति सेकंद इतकी भर. घड्याळाच्या भाषेत, प्रत्येक सेकंदाला स्पीडोमीटरचा आकडा सुमारे साडेदहाने वर सरकतो.

पाठीला जे जाणवतं तेही यातूनच काढता येतं. गुरुत्वाकर्षणाचं त्वरण ९.८ आहे आणि २.९ हा त्याच्या तीन दशांशाइतका आकडा. म्हणून ६० किलो वजनाच्या माणसाच्या पाठीला सीट सुमारे १८ किलो वजनाइतक्या जोराने पुढे ढकलते. पहिल्यांदा बसणारा "अरे बापरे" म्हणतो, ते या अठरा किलोंमुळे.

त्वरण कशावर ठरतं? फक्त दोन गोष्टींवर. चाकांनी गाडीला पुढे ढकलायला लावलेला जोर आणि गाडीचं एकूण वजन. जोराला वजनाने भागायचं. जोर वाढला तर त्वरण वाढतं, वजन वाढलं तर घटतं. न्यूटनचा हा नियम शाळेपासून सगळ्यांना ठाऊक असतो आणि या प्रकरणाला तेवढाच पुरतो.

२. ११४ आणि १९० हे आकडे कुठले?

एक मीटर लांबीचा पाना घ्या आणि तो नटाला आडवा लावा. टोकाला साधारण १०० ग्रॅम वजन टांगलं की नटावर जो पीळ बसतो तो एक न्यूटन-मीटर. टोकाला सुमारे साडेअकरा किलो टांगले तर ११४ न्यूटन-मीटर, सुमारे साडेएकोणीस किलो टांगले तर १९०. टॉर्क म्हणजे हा पीळ.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची, कारण सगळा घोळ तिथेच होतो. जाहिरातीत छापलेला टॉर्क हा इंजिनाच्या किंवा मोटरच्या दांड्यावरचा असतो. चाकावरचा नसतो. मध्ये गिअर असतात आणि ते हा आकडा कित्येक पटींनी बदलतात. शिवाय छापलेला आकडा हा जास्तीत जास्त असतो. तो कुठल्या फेऱ्यांना मिळतो हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

पीळ आणि फेरे यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. हिशेब असा : टॉर्क गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ९५५०, की उत्तर किलोवॉटमध्ये. डिझायरचे १९० न्यूटन-मीटर २००० फेऱ्यांना मिळतात. करून पाहा : १९० गुणिले २००० भागिले ९५५० म्हणजे सुमारे ४० किलोवॉट. तिची पूर्ण ५५ किलोवॉट शक्ती मिळते ४००० फेऱ्यांना. उलटा हिशेब केला तर तिथे टॉर्क उरतो १३१ च्या आसपास. म्हणजे १९० हा आकडा डिझेल गाडीला सगळीकडे मिळत नाही, एका पट्ट्यातच मिळतो.

३. डिझेलला आधी फिरावं लागतं

विहिरीवरचं जुनं ऑइल इंजिन ज्यांनी हाताने चालू केलं आहे त्यांना हा भाग शिकवायला नको. हँडल घालायचं, वरची लिव्हर उचलून ठेवायची, म्हणजे सिलिंडरातली हवा दाबली जात नाही. मग हँडल जोरात फिरवायचं. फ्लायव्हीलने गती घेतली की लिव्हर सोडायची, आणि मग ते धडधडायला लागतं. लिव्हर न उचलता नुसत्या हाताने फिरवायला गेलात तर खांदा निखळायची वेळ. शेजारच्या विजेच्या मोटरला यातलं काहीच लागत नाही. स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की मोटर पंपाचा भार घेऊनच फिरायला लागते.

याचं कारण डिझेल इंजिनाच्या मुळातच आहे. डिझेल पेट घेतं ते दाबून तापलेल्या हवेमुळे. हवा दाबायची तर पिस्टन हलला पाहिजे आणि पिस्टन हलायचा तर इंजिन आधीच फिरत असलं पाहिजे. उभं इंजिन जोर लावूच शकत नाही. म्हणून गाडी सिग्नलला थांबलेली असतानाही ते मिनिटाला आठशेच्या आसपास फेऱ्यांनी गुरगुरत असतं. आणि फिरतं इंजिन उभ्या चाकांना एकदम जोडलं तर बंद पडेल, म्हणून मध्ये क्लच. हाफ क्लचवर गाडी हलवतो तेव्हा आपण घसरू देत देत इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचवत असतो.

त्यात टर्बोची भर. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोताने टर्बोची चक्री फिरते आणि ती जास्तीची हवा आत ढकलते. जास्त हवा म्हणजे जास्त डिझेल जाळता येतं, म्हणजे जास्त जोर. पण कमी फेऱ्यांना झोतच क्षीण असतो, मग चक्री कशी फिरणार? म्हणून पाय दाबला तरी क्षणभर काही होत नाही, आणि १८००–२००० च्या पुढे गाडी एकदम उसळते. "टर्बो उघडला" असं चालक म्हणतात तो हा क्षण. १.३ लिटरच्या छोट्या इंजिनात हे जास्त जाणवतं, कारण टर्बोशिवायचा त्याचा स्वतःचा जोर मुळात बेताचा. मे महिन्यात एसी फुल, गाडीत पाच माणसं आणि समोर चढ असेल तर पहिल्या गिअरमधली सुस्ती कुणालाही कळते. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावरच फिरतो, त्याचाही भार इंजिनावर पडतो.

हे सगळं डिझेलला नावं ठेवायला लिहिलेलं नाही. मराठवाड्यातल्या लोकांनी डिझेल सेडानवर प्रेम केलं ते उगीच नाही. आपल्याच जालना रस्त्यावर शेंद्र्याला स्कोडाने २००१ पासून ऑक्टाव्हिया बांधायला सुरुवात केली. तिच्या १.९ लिटर डिझेलची शक्ती होती ९० अश्वशक्ती. आजच्या मानाने फार नाही, पण एकदा टर्बो उघडला की पाचव्या गिअरमध्येही ती ओढत राहायची. डिझेलची खरी मजा ती. चौकातल्या सुरुवातीत ती मजा नाही.

४. मोटर उभ्या जागी जोर लावते

मोटरच्या आत काही जळत नाही. तारांच्या वेटोळ्यांत वीज गेली की चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते क्षेत्र फिरवत ठेवलं की मधला रोटर त्याच्यामागे ओढला जातो. रोटरवरचा जोर ठरतो तो विजेच्या प्रवाहावर. रोटर फिरतो आहे की उभा आहे, याच्याशी त्या जोराचा संबंध नाही. म्हणून शून्य फेऱ्यांनासुद्धा पूर्ण ११४ न्यूटन-मीटर हजर. बॅटरी आणि मोटर यांच्या मधला इन्व्हर्टर हा प्रवाह सेकंदाच्या अगदी लहान अंशात वाढवतो. धुराचा झोत जमायची वाट पाहावी लागत नाही.

एमआयडीसीतल्या कामगाराला याचा पुरावा कारखान्यातच मिळतो. जालन्याची ओळख पोलादाची, सळईची. रोलिंग मिलमध्ये लालभडक बिलेट रोलच्या तोंडाशी येतं आणि रोलने ते पकडलं की त्याच क्षणी भार प्रचंड वाढतो. ते रोल फिरवायला विजेचीच मोटर असते. अचानक आलेला भार झेलायला तिच्या जोडीला फ्लायव्हील असतं, पण तिथे डिझेल इंजिन बसवायचा विचार कुणी करत नाही.

रेल्वेचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. ज्याला आपण डिझेल इंजिन म्हणतो, त्या मेल-एक्स्प्रेसच्या इंजिनातसुद्धा चाकं डिझेलवर फिरत नाहीत. आतलं डिझेल इंजिन जनित्र फिरवतं, जनित्र वीज बनवतं, आणि त्या विजेवर चालणाऱ्या मोटरी चाकं फिरवतात. हजारो टनांची गाडी उभ्या जागेवरून ओढायची तर क्लच जळून जाईल, म्हणून हा उपाय. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला विजेची पहिली लोकल धावली. स्टेशनं जवळजवळ असलेल्या मार्गावर दर दोन-तीन मिनिटांनी थांबून पुन्हा झटपट वेग घ्यायचा, तर विजेशिवाय जमत नव्हतं. ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली. तिला वेगळं इंजिन नाही, मोटरी अनेक डब्यांखाली वाटलेल्या आहेत. ती प्लॅटफॉर्म सोडून किती लवकर वेग घेते, हे जालन्याच्या स्टेशनवर उभ्या असणाऱ्यांनी पाहिलंच आहे.

विजेच्या गाड्यांची ही चपळाई काल-परवाची नाही. ताशी १०० किलोमीटरचा वेग रस्त्यावर ओलांडणारी जगातली पहिली मोटरगाडी विजेवर चालणारी होती. २९ एप्रिल १८९९ ला फ्रान्समध्ये कामिय जेनात्झी या बेल्जियन माणसाने तो विक्रम केला, ताशी १०५ किलोमीटरच्या पुढे.

मग मोटरचा हा जोर कायम का टिकत नाही? फिरणारी मोटर त्याच वेळी जनित्रही असते. ती फिरते तसा तिच्या आत उलटा विद्युतदाब तयार होतो आणि तो बॅटरीच्या दाबाला विरोध करतो. फेरे वाढत गेले की विरोध वाढतो, आणि एका मर्यादेनंतर पूर्ण प्रवाह आत घुसवणं शक्य होत नाही. आपल्या टियागोची ती मर्यादा हिशेबाने काढता येते. ११४ टॉर्कने ५५ किलोवॉट मिळवायचे तर फेरे हवेत सुमारे ४६००. तिथपर्यंत जोर पूर्ण, तिथून पुढे शक्ती तेवढीच राहते आणि जोर उतरत जातो.

५. गिअरचा हिशेब, चाकापर्यंत

आता चाकावर प्रत्यक्ष किती पीळ पोचतो ते पाहू. हिशेब सोपा राहावा म्हणून गोल आकडे घेऊ आणि घर्षणातलं नुकसान बाजूला ठेवू. डिझेलच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे १३ फेरे झाले की चाकाचा एक. दुसऱ्यात ७, तिसऱ्यात साडेचार ते पाच, धरा ४.६. पाचव्यात ३. इलेक्ट्रिकला एकच गिअर, मोटरचे ९ फेरे म्हणजे चाकाचा एक. गिअर जितके फेरे कमी करतो तितक्या पटीने पीळ वाढवतो.

डिझेल पहिल्यात : १९० गुणिले १३ म्हणजे २४७०. दुसऱ्यात १३३०. तिसऱ्यात ८७४. इलेक्ट्रिक : ११४ गुणिले ९ म्हणजे १०२६.

म्हणजे काय झालं? चाकावरसुद्धा पहिल्या दोन गिअरमध्ये डिझेलच पुढे! चहाच्या टपरीवरचा प्रश्न आणखीच अवघड झाला. इलेक्ट्रिकचा टॉर्क "जास्त असतो" असं जे सर्रास सांगितलं जातं, ते या जोडीला तरी लागू नाही. उत्तर दुसरीकडे आहे. तो पीळ गाडीच्या कुठल्या वेगापासून कुठल्या वेगापर्यंत मिळतो ते पाहायचं.

चाकाची त्रिज्या २९ सेंटिमीटर धरली तर चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे १.८ मीटर सरकते. डिझेलच्या जोराचा पट्टा २००० ते ४००० फेरे. पहिल्या गिअरमध्ये हा पट्टा येतो ताशी १७ ते ३३ किलोमीटरमध्ये. दुसऱ्यात ३१ ते ६२. तिसऱ्यात ४७ ते ९५. इलेक्ट्रिकच्या पूर्ण जोराचा पट्टा : शून्य ते ५६. मध्ये कुठेही खंड नाही.

आता दोन्ही गाड्या चौकात शेजारी उभ्या करा. शून्य ते १७ हा टप्पा डिझेलसाठी टर्बो झोपलेला असतानाचा आणि क्लच घसरवण्याचा. १७ ला टर्बो उघडतो, पण ३३ पर्यंत जेमतेम दोन सेकंद मिळतात, की लगेच क्लच दाबून दुसरा गिअर टाकायची वेळ. त्या काळात चाकांवर जोर शून्य. पहिल्या गिअरमधला बराच जोर इंजिनाला स्वतःचं फ्लायव्हील आणि आतले जड भाग भराभर वेगात आणण्यातही खर्च करावा लागतो, तो चाकापर्यंत येतच नाही. इलेक्ट्रिकचा जोर तिच्याहून कमी आहे, पण तो पहिल्या क्षणापासून सलग मिळतो.

टियागोचं वजन चालकासह १२५० किलो धरून पाहू. १०२६ ला ०.२९ ने भागलं की ढकलणारा जोर सुमारे ३५४० न्यूटन. त्याला १२५० ने भागा : २.८. कंपनीच्या ५.७ सेकंदांवरून आपण काढलेला आकडा होता २.९. टपरीवरच्या कागदावर केलेला हिशेब इतका जवळ येतो, म्हणजे आपलं समजणं योग्य दिशेने आहे.

६. एका सेकंदाची किंमत

कुणी म्हणेल, क्लच सोडायला आणि गिअर टाकायला वेळ तो किती लागतो? साधारण चालकाला क्लच सावकाश सोडून टर्बो येईपर्यंत सेकंदभर, आणि प्रत्येक गिअरला अर्धा ते पाऊण सेकंद. एवढ्याने काय होतं?

पाहू या. दोन गाड्या अगदी सारख्याच त्वरणाने, २.९ ने, सुटल्या, फक्त एक दुसरीच्या सेकंदभर आधी. थांबलेल्या गाडीने कापलेलं अंतर म्हणजे त्वरण गुणिले सेकंदांचा वर्ग, भागिले दोन. पहिली सुटून पाच सेकंद झाले तेव्हा ती ३६ मीटरवर आहे. दुसरीला मिळालेत चार सेकंद, ती २३ मीटरवर. अंतर १३ मीटर! टियागोची लांबी पावणेचार मीटर आहे, म्हणजे तीन गाड्यांहून जास्त फरक. एका सेकंदात दिसायला फक्त दीड मीटरची आघाडी असते, पण वेग वाढत असल्यामुळे ती फुगत जाते. मागे राहिलेला चालक आरशात नाही तर काचेतून हा फरक पाहतो आणि समोरची गाडी फार ताकदवान आहे असं समजतो. तिची शक्ती त्याच्याइतकीच, ७५.

हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं की क्लच झपाट्याने सोडणारा, आधीच फेरे वाढवून ठेवणारा, गिअर पटकन टाकणारा सराईत चालक डिझेलला शून्य ते ६० मध्ये जवळपास बरोबरीत आणू शकतो. पण तसं रोज करणाऱ्याची क्लचप्लेट लवकर जाते. इलेक्ट्रिकमध्ये नवशिक्यालाही तेवढंच त्वरण मिळतं जेवढं सराइताला, फक्त पाय दाबायचा. रोजच्या रस्त्यावरचा फरक यामुळे आहे.

७. टायरची मर्यादा

डिझेलचे पहिल्या गिअरमधले २४७० न्यूटन-मीटर सगळेच्या सगळे रस्त्यावर उतरवले तर गाडीला सुमारे ८५०० न्यूटनांचा जोर मिळेल. पण ११०० किलोच्या गाडीच्या पुढच्या टायरांना कोरड्या डांबरावर पाच हजार न्यूटनांच्या आसपासच पकड असते. वर उरलेला जोर टायर जाळण्यापलीकडे उपयोगाचा नाही. एमआयडीसीच्या अंतर्गत रस्त्यांवर ट्रकमधून सांडलेली खडी-माती किंवा पहिल्या पावसाचा चिखल असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते. टियागो ईव्हीसुद्धा पुढच्याच चाकांवर चालते. ओल्या रस्त्यावर स्पोर्ट मोडमध्ये पूर्ण पाय देऊन सुटायची हौस करू नये.

८. समृद्धीवर चित्र बदलतं

इतका वेळ आपण चौकात उभे होतो. आता जालन्याच्या इंटरचेंजवरून समृद्धी महामार्गावर चढू. नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. कारची वेगमर्यादा ताशी १२० आहे. इथे शून्यापासून सुटण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो ८० ने चाललेल्या ट्रकला ओलांडताना ८० वरून १०० वर किती लवकर जाता येईल याचा.

५६ च्या पुढे इलेक्ट्रिकचा जोर उतरतो, हे आपण पाहिलं. किती उतरतो, तेही सोपं आहे : शक्तीला वेगाने भागायचं. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. ५५,००० वॉट भागिले २५ म्हणजे २२०० न्यूटन. त्यातून हवेचा आणि टायरचा अडथळा धरा ४००. उरले १८००. भागिले १२५०, त्वरण १.४४. चौकातल्या निम्मं. ८० ते १०० ला लागतील सुमारे ३.९ सेकंद. १२० ला पोचेपर्यंत तर त्वरण चौकातल्या एक तृतीयांशाच्या खाली जातं, कारण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो.

डिझेलचं काय? पाचव्या गिअरमध्ये ताशी ८० ला इंजिनाचे फेरे होतात २२०० च्या जवळ. म्हणजे नेमका १९० चा पट्टा! टर्बो जागा आहे, गिअर टाकायचा नाही, नुसता पाय द्यायचा. १९० गुणिले ३ म्हणजे ५७०, भागिले ०.२९ म्हणजे सुमारे १९६५ न्यूटन. अडथळा वजा जाता १५६५. डिझायर हलकी, चालकासह ११०० किलो धरा. त्वरण १.४२. म्हणजे गिअर न बदलताही ती इलेक्ट्रिकच्या बरोबरीत आली. चालकाने एक गिअर खाली टाकला तर इंजिन पूर्ण शक्तीच्या जवळ जातं आणि हलकेपणामुळे डिझेल थोडी पुढेच निघते. चौकात १३ मीटरने मागे पडलेली गाडी इथे मान वर करून चालते.

हे असं होणारच. दोन गाड्यांची शक्ती सारखी असेल आणि दोघी योग्य गिअरमध्ये असतील, तर एकाच वेगाला दोघींना ढकलणारा जोर सारखाच असतो. मग निकाल लागतो वजनावर, आणि बॅटरीचं ओझं इलेक्ट्रिकला टाळता येत नाही. बॅटरी फार उतरली असेल तर गाडीची यंत्रणा मोटरची शक्ती आणखी कमी करते. नागपूरहून परत येताना वाटेत हे अनुभवाला येऊ शकतं, म्हणून ओलांडण्याचा अंदाज भरल्या बॅटरीवरच्या अनुभवावरून बांधू नये.

९. गाडी घेताना काय विचारायचं

शोरूममध्ये शून्य ते ६० किंवा शून्य ते १०० चा आकडा सांगतात. तुमचा उपयोग तेवढाच नसेल तर आणखी दोन आकडे मागा : ३० ते ६० आणि ८० ते १२०. पहिला सांगतो, गावातल्या रस्त्यावर टेम्पोमागून बाहेर पडताना गाडी कशी वागेल. दुसरा सांगतो, महामार्गावर कशी वागेल. आकडा मिळाला नाही तर चाचणी फेरीत सोबत एकाला घड्याळ धरून बसवा, मागे दोन माणसं बसवा, एसी चालू ठेवा आणि मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादेत राहून स्वतः मोजा. टॉर्कचा आकडा विक्रेत्याने सांगितला तर तो कितव्या फेऱ्यांना मिळतो हे विचारा. १९० ला २००० फेरे लागतात आणि ११४ ला शून्य, हे कळल्यावर छापील कागद नीट वाचता येतो.

माझं मत असं आहे. घर जालना शहरात, काम एमआयडीसीत, दिवसाला वीस-तीस किलोमीटर, रोज दहा ठिकाणी थांबा-निघा, असं ज्याचं आयुष्य आहे त्याने त्वरणासाठी डिझेलकडे पाहायची गरज उरलेली नाही. ५६ च्या आतल्या जगात छोटी इलेक्ट्रिक गाडीच सरस आहे. ज्याला आठवड्यातून तीनदा समृद्धीवरून चार माणसं घेऊन पळायचं आहे, त्याला ७५ अश्वशक्तीची इलेक्ट्रिक पुरणार नाही. त्याने जास्त शक्तीची इलेक्ट्रिक घ्यावी, नाहीतर हातातली चांगली डिझेल सांभाळावी.

आणि एक विनंती. शिफ्ट सुटते तेव्हा एमआयडीसीचे रस्ते सायकली, दुचाकी आणि पायी निघालेल्या माणसांनी भरलेले असतात. डिझेल गाडी येते तेव्हा ती आधी ऐकू येते. इलेक्ट्रिक गाडी दोन सेकंदांत सहा मीटर पुढे येते आणि तिचा आवाज येत नाही. गेटसमोर पाय हलका ठेवा.